भूमार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा

पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. जो पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आधी परत येईल त्याचा मान मोठा, असे शंकरपार्वतींनी आपल्या दोघा मुलांस सांगितले. कार्तिकेय मोरावर बसून तत्काळ निघाला. गणपतीने मात्र आईबापांभोवतीच प्रदक्षिणा घातली आणि शर्यत जिंकली. ही कथा सांगताना घरोघरी गणपतीच्या बुद्धीची वाहवा होते व ती योग्यच आहे. तथापि दमूनभागून परत आलेल्या कार्तिकेयाला, ‘बाबा रे, वाटेत तू काय पाहिलेस?’ हे कोणी विचारीत नाही. खरोखरीच पृथ्वीला वळसा घालू म्हटले तर ती वाट कशी असते, तिला किती काळ लागतो, तिच्यात अडचणी कोणत्या आणि त्या वाटेने कोण गेले, याचा थोडा विचार करणे मनोरंजक आहे, आणि बोधप्रदही आहे.

प्रथम वाट पाहू. पुणे जिल्ह्यातील बारामतीला लागून जळोची नावाचे गाव आहे. एके काळचे हे खेडे आता शहराच्या हद्दीत आले आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे अठरा अंशांवर त्याचे स्थान आहे. जळोचीच्या वेशीतून एखाद्याने नाक बरोबर पूर्वेला धरले आणि डावीउजवीकडे यत्किंचितही न वळता तो चालू लागला, तर काय होईल? इंदापूर तालुका ओलांडून तो धाराशिव गाठील. पुढे तेलंगणातील मेदक व वारंगळच्या आसपासचा प्रदेश लागेल. बस्तरच्या दक्षिणेकडील अरण्यांतून तो विजयनगरम् जिल्ह्यात उतरेल आणि तेथे बंगालचा उपसागर त्याची वाट अडवील. उपसागरापलीकडे ब्रह्मदेश, सयाम म्हणजे आजचा थायलंड, लाओस व व्हिएतनाम. मग समुद्रात हैनान बेटाचे दक्षिण टोक. त्यानंतर फिलिपाइन्समधील लुझॉन बेटाचा उत्तर भाग. येथवर जमीन आणि पाणी आळीपाळीने येत राहतात. पण लुझॉन सोडले की प्रशांत महासागर सुरू होतो, आणि मेक्सिकोचा किनारा दिसेपर्यंत सुमारे चौदा हजार किलोमीटर एखाददुसऱ्या चिमुकल्या बेटाखेरीज पायाखाली भूमी म्हणून नाही.

मेक्सिकोनंतर जमैका, हैती, पोर्तो रिको ही बेटे येतात. मग अटलांटिक महासागर. त्यापलीकडे आफ्रिकेत मॉरिटानियाची राजधानी नुआक्शोत, आणि तेथून माली, नायजर, चाड व सुदान या देशांतून सहाराच्या वाळूत हजारो किलोमीटरांची वाट. तांबडा समुद्र, अरबस्तान, ओमानचा किनारा आणि अरबी समुद्र ओलांडला की कोकणात दिवेआगर. मग सह्याद्री चढायचा, भोरवरून पुढे यायचे, की पुन्हा जळोचीची वेस. मात्र या वेळी पश्चिमेकडची. ही एक पूर्ण प्रदक्षिणा झाली. तिची लांबी सुमारे अडतीस हजार किलोमीटर. विषुववृत्तावरून हीच फेरी ४०,०७५ किलोमीटरांची होते. ध्रुवाकडे जावे तसतसे वर्तुळ लहान होत जाते, म्हणून हा फरक.

ही संख्या डोळ्यांपुढे आणावयाची तर तुकाराम महाराजांच्या पालखीचे माप घ्यावे. देहूहून निघालेली पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरपूरला पोहोचते. ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची आहे. म्हणजे देहू ते पंढरपूर अशा सुमारे एकशे साठ वाऱ्या एकापुढे एक जोडल्या की विषुववृत्तावरची एक प्रदक्षिणा होते. दरवर्षी एक वारी करणाऱ्या माणसाच्या एका जन्मात हे बसणार नाही. परंतु आजा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांची वारी असलेल्या एखाद्या घराने मिळून एवढी पावले सहज टाकलेली असतील.

परंतु वर सांगितलेल्या सरळ रेषेने कोणीही जात नाही. जाऊ शकत नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचे शंभर भाग कल्पिले तर त्यांतील एकाहत्तर भाग पाणी आहे. तेव्हा ‘भूमार्गाने पृथ्वीप्रदक्षिणा’ या शब्दांचा अर्थ तारतम्याने घ्यावा लागतो. जेथे जमीन आहे तेथे ती जमिनीवरूनच ओलांडावयाची, आणि जेथे समुद्राला इलाजच नाही तेथे तेवढ्यापुरते गलबत किंवा विमान पत्करावयाचे, असा तो अर्थ होय. आणखी एक प्रश्न निघतो. एखाद्याने उत्तर ध्रुवाजवळ उभे राहून दहा पावलांत गिरकी घेतली आणि ‘मी सर्व रेखांश ओलांडले’ असे म्हटले, तर ती प्रदक्षिणा मानावी काय? हा पोरखेळ टाळण्यासाठी सायकलीच्या जागतिक विक्रमांत नियम ठरलेले आहेत. एकाच दिशेने जावयाचे; किमान सुमारे २९,००० किलोमीटर सायकल प्रत्यक्ष चालवावयाची; जलप्रवास व विमानप्रवास धरून एकंदर अंतर विषुववृत्ताच्या लांबीहून कमी नसावे; आणि वाटेत पृथ्वीगोलावर एकमेकांच्या थेट पायाखाली असलेली दोन ठिकाणे आली पाहिजेत.

हा शेवटचा नियम मोठा मौजेचा आहे. जळोचीतील एखादी विहीर खणता खणता पृथ्वीच्या मध्यातून आरपार नेली, अशी कल्पना करू. ती दक्षिण प्रशांत महासागरात निघेल. सर्वांत जवळचे नाव घेण्याजोगे ईस्टर बेट तेथून सुमारे हजार किलोमीटरांवर आहे. पृथ्वीवर जमिनीच्या पायाखाली बहुधा पाणीच येते; जमिनीखाली जमीन असे योग थोडे. न्यूझीलंड व स्पेन ही त्यांतली एक प्रसिद्ध जोडी आहे. म्हणूनच सायकलीवरून प्रदक्षिणा करणारे पुष्कळ लोक या दोन्ही देशांतून जाताना दिसतात. त्यात देशप्रेमाचा भाग नसून भूमितीचा आहे.

आता ही वाट चालून गेलेल्यांकडे वळू. महाराष्ट्राला दूरचा भूप्रवास नवीन नाही. आगगाडीपूर्वी काशीयात्रा पायीच होत असे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या हेतूने उत्तर हिंदुस्थानात गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि जिवावरचे अनेक प्रसंग निभावून गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही वाचला जातो. परंतु ती यात्रा होती. यात्रेला देव असतो व परत येण्याची घाईही असते. देवदर्शन नाही, व्यापार नाही, नोकरी नाही. केवळ पृथ्वी पाहावी आणि आपली ताकद अजमावावी एवढ्याचसाठी घर सोडणे ही कल्पना निराळी आहे. ती आपल्या प्रांतात प्रथम गाजवली मुंबईच्या पारशी तरुणांनी.

सायकलीवरून पृथ्वीला वळसा घालण्याचा पहिला मान थॉमस स्टीव्हन्स या गृहस्थाचा. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून तो निघाला तेव्हा त्याच्या सायकलीचे पुढचे चाक छातीइतके उंच आणि मागचे ताटाएवढे होते. हवेचे टायर तोवर प्रचारात आले नव्हते; डनलॉपने ते १८८८ साली आणले. स्टीव्हन्स १८८६ साली लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने आपल्या देशातूनही गेला होता. पुढे सायकलीची दोन्ही चाके सारखी झाली, साखळी आली, हवेचे टायर आले. आणि गवताचा दाणा न खाणारे, लगाम न तोडणारे हे वाहन सामान्य माणसाच्या हाती पडले.

मुंबईत १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान झाले. हा मनुष्य युरोपातून पायी हिंदुस्थानात आला होता. ते व्याख्यान ऐकून ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’च्या काही सभासदांच्या डोक्यात विचार घोळू लागला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांपैकी सहा तरुण सायकलींवरून मुंबईबाहेर पडले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भमगारा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया ही त्यांची नावे. सगळे विशीतले होते.

त्यांनी दिशा पश्चिमेची धरली. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरिया, सिनाईचे वाळवंट. मग युरोप व इंग्लंड. अटलांटिक ओलांडून अमेरिकेचे संयुक्त संस्थान. प्रशांत महासागर ओलांडून जपान, कोरिया व चीन. शेवटी इंडोचायना, सयाम, ब्रह्मदेश यांवरून आसाम, कलकत्ता आणि पुन्हा मुंबई, असा हा मार्ग होता. १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परत आले. अंतर भरले सुमारे ७१,००० किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने ४४,००० मैल.

या दोन तारखांमध्ये १,६१६ दिवस जातात. अंतराला दिवसांनी भागले तर रोजचे सरासरी चव्वेचाळीस किलोमीटर येतात. बारामतीहून सकाळी निघालेल्या सायकलस्वाराने संध्याकाळी इंदापूरच्या थोडे अलीकडे मुक्काम करावा, एवढीच ही मजल. कोणालाही वाटेल, यात विशेष ते काय? पण यात आजारपणाचे दिवस, परवान्यांसाठी कचेऱ्यांत घालवलेले दिवस, आगबोटीवरचे दिवस, पाऊस, बर्फ, मोडतोड हे सर्व आले. मोठे प्रवास एखाद्या दिवशीच्या पराक्रमाने होत नाहीत; न चुकता पडणाऱ्या मजलेने होतात, हे या भागाकारावरून दिसते. वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

निघण्याच्या महिन्याकडेही लक्ष द्यावे. ऑक्टोबरात आपला पावसाळा सरतो, रस्ते वाळतात, नद्या उतरतात. परतीचा महिना मार्च. आसाम व ब्रह्मदेशातील मुसळधार पावसाला तेव्हा अवकाश असतो. जगाच्या प्रवासात वाटेइतकेच ऋतूला महत्त्व असते. इराणच्या डोंगरांत ऐन हिवाळ्यात सापडू नये, इराकच्या सपाटीवर ऐन उन्हाळ्यात राहू नये, आणि ब्रह्मदेशातल्या अरण्यात पावसात शिरू नये. नकाशा सर्वांना वाचता येतो. त्याच्यावर पंचांग ठेवून वाचावा लागतो. अर्थात चार वर्षांच्या प्रवासात प्रत्येक ऋतू सोयीने भेटणे अशक्यच. या तरुणांना उन्हाचे चटके बसले, अन्नपाण्यावाचून दिवस काढावे लागले, आल्प्सचे उंच घाट सायकलींसह चढावे लागले.

वाळवंटात सायकलस्वाराचा खरा शत्रू वाळू नसून तहान हा असतो. कडक उन्हात श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे इतके पाणी जाते की, दिवसाला आठदहा लिटर पाणी प्याले तरी ते जास्त होत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दोन दिवसांच्या पाण्याचे वीस किलो ओझे झाले. ओझे वाढले की चाक वाळूत रुतते, चाक रुतले की श्रम वाढतात, आणि श्रम वाढले की आणखी पाणी लागते. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग एकच: पुढची विहीर कोठे आहे हे आधी नक्की माहीत असणे. म्हणून वाळवंटातल्या वाटेत नकाशापेक्षा तेथील मेंढपाळाचा शब्द मोलाचा ठरतो, आणि त्याची भाषा येत नसेल तर हातवाऱ्यांनी विचारावे लागते. परमुलखात प्रवाशाची पहिली गरज चांगल्या माणसांची असते, ती अशी.

दुसरी गरज कागदांची. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बऱ्याच देशांत पारपत्रावाचून जाता येत असे. युद्धाने ते दिवस संपवले. हिंदुस्थानात १९२० साली पासपोर्टाचा कायदा झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी हे सहा जण निघाले. म्हणजे सरहद्दींवर दारे बसली त्याच काळात त्यांनी जग पालथे घातले. प्रत्येक दारावर थांबणे, आपण हेर नाही व भिकारी नाही हे पटवून देणे, आणि पुढचा शिक्का मिळवणे, हा त्यांच्या प्रवासाचा न दिसणारा भाग होता.

आता या कथेतील दुःखाची बाजू. निघाले सहा, प्रदक्षिणा पुरी करून आले तीन. नरिमन कपाडिया तेहरानपर्यंत गेले आणि घरगुती कारणाने तेथून परतले. गुस्ताद हाथीराम यांनी अमेरिकेतच राहण्याचे ठरवले. जिवाभावाचा सोबती असा मागे राहिल्यावर केकी पोचखानवाला यांचे मन उडाले व तेही अमेरिकेतून घरी आले. हकीम, बापासोला व भमगारा तेवढे पुढे गेले. या तिघांचे कौतुक करताना उरलेल्या तिघांना उणे लेखण्याचे कारण नाही. हजारो किलोमीटर जाऊन परत फिरण्याचा निर्णय घेणे सोपे नसते. आणि परमुलखात घर करून राहणे हाही एक मोठाच प्रवास आहे. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, वाळवंटाने, बर्फाने किंवा तहानेने या मंडळीतला एकही माणूस कमी केला नाही. मंडळी घटली ती मनाच्या ओढीने. एकाला घराने ओढले, एकाला नव्या देशाने, आणि एकाला मित्राच्या वियोगाने. दीर्घ प्रवासाला निघणाऱ्याने टायरच्या आणि औषधांच्या यादीत ही गोष्टही मांडून ठेवावी.

या तिघांच्या आयुष्यातून आणखीही एक वस्तू हरवली, आणि ती म्हणजे एक संपूर्ण दिवस! हे कसे, ते पाहू. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो. आपण पश्चिमेकडे जाऊ लागलो म्हणजे जणू सूर्याच्या मागे धावतो. म्हणून सूर्य थोडा उशिरा मावळतो आणि आपला दिवस किंचित लांबतो. एका रेखांशाला हा फरक चार मिनिटांचा पडतो. आपले भारतीय घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेले आहे व जळोची साडेचौऱ्याहत्तराच्या आसपास आहे. म्हणून जळोचीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबाराच्या पुढे वेळ झालेली असते. पश्चिमेकडे जात जात तीनशे साठ रेखांश ओलांडले की, चारचार मिनिटे साठून चोवीस तास होतात. मुंबईत घरी बसलेल्या आईने १,६१६ सूर्योदय मोजले असतील, तर पश्चिमेकडून फिरून आलेल्या मुलाने त्यांतून एक कमी पाहिला. त्याचे आयुष्य कमी झाले नाही. तेवढाच काळ त्याने थोड्या लांब दिवसांत वाटून घेतला. मॅगेलनच्या तांड्यातील जे अठरा खलाशी १५२२ साली जहाजाने पृथ्वीला वळसा घालून युरोपात परतले, त्यांनी रोजची नोंद काटेकोर ठेवूनही त्यांचा वार एक दिवस मागे पडला होता. तेव्हा ते चकित झाले. आज प्रशांत महासागरात वाररेषा मानलेली आहे. ती ओलांडताना तारीख बदलली की हिशेब जुळतो.

या तिघांनी आपला वृत्तांत इंग्रजीत लिहिला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला व त्याला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. पुढे मात्र हे नाव लोकांच्या तोंडून जवळजवळ नाहीसे झाले, ते २००८ साली पुस्तकाची नवी आवृत्ती निघेपर्यंत. ज्या मुंबईतून ते निघाले त्या मुंबईच्या शाळांतील मुलांनाही मॅगेलन माहीत असतो. हकीम, बापासोला, भमगारा ही नावे माहीत नसतात.

त्यांच्या पाठोपाठ १९२४ साली मुंबईचेच फ्रामरोझ दावर हे खेळांवर लिहिणारे पत्रकार एकटेच सायकलीवरून निघाले. व्हिएन्ना येथे त्यांना गुस्ताव नावाचा ऑस्ट्रियन तरुण सोबती मिळाला. दोघांनी सहाराचे वाळवंट व दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे पार केले. दावर १९३१ साली परतले. सुमारे १,१०,००० किलोमीटरांचा हा प्रवास. १९३३ साली केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ हे आणखी तिघे निघाले, ते १९४२ साली परत आले. दुसरे महायुद्ध भडकले तेव्हाही ते प्रवासातच होते. एकाच शहराच्या एका लहानशा समाजातून वीस वर्षांच्या आत अशा तीन फेऱ्या व्हाव्यात, ही गोष्ट व्यायामशाळांच्या आणि तरुणांच्या संगतीच्या सामर्थ्याची साक्ष आहे. एकाचे पाहून दुसऱ्याला बळ येते.

यानंतर रस्ते सुधारले, पण वाटा सोप्या झाल्या असे म्हणता येत नाही. १९५७ साली लंडनहून कलकत्त्यापर्यंत प्रवासी बस आली, आणि पुढील वीस वर्षे युरोपातील हजारो तरुण तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान या मार्गाने हिंदुस्थानात येत राहिले. १९७९ साली इराणात क्रांती झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ती वाट मोडली. पूर्वेकडे ब्रह्मदेशात २०२१ पासून यादवी माजली आहे. अमेरिका खंडात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग पनामा व कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे शंभर किलोमीटर तुटलेला आहे; तेथे दलदल आणि घनदाट अरण्य यांमुळे रस्ता अद्याप झालेला नाही. स्टीव्हन्सच्या काळी निसर्ग वाट अडवीत असे; आता ते काम बहुतेक ठिकाणी माणसेच करतात. मोटार किंवा मोटारसायकल नेणाऱ्याला तर वाहनासाठीही निराळे पारपत्र लागते. हे वाहन आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत नेऊ, अशी हमी त्या कागदाने दिली जाते व तिच्यासाठी मोठी रक्कम अनामत ठेवावी लागते. साध्या सायकलीला ही कटकट नाही. गरिबाच्या वाहनाचा हा एक फायदा.

या नव्या काळातही प्रदक्षिणा होते. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीने २०१८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थहून सायकलीवर पूर्वेकडे प्रयाण केले. न्यूझीलंड, कॅनडा, आइसलँड, पोर्तुगाल, स्पेन, पुढे युरोपातील आणखी काही देश, रशिया व भारत अशा चौदा देशांतून तिने सुमारे २९,००० किलोमीटर अंतर १५९ दिवसांत कापले. म्हणजे सरासरी दिवसाला एकशे ऐंशीहून अधिक किलोमीटर! स्पेनमध्ये तिला सुऱ्याचा धाक दाखवून लुटण्यात आले व डोक्याला मार बसला. रशियात बर्फात तंबू ठोकून एकटीने रात्री काढाव्या लागल्या. व्हिसाच्या विलंबाने ठरलेले दिवस वाढले. ती पूर्वेकडे गेली, म्हणून हकीममंडळींचा हरवलेला सूर्योदय तिला जास्तीचा मिळाला, असे गमतीने म्हणता येईल.

शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन प्रवासांची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्यांनी चार वर्षे घेतली व वाटेवरचे जग सावकाश पाहिले. घरी पत्र पोहोचायला आठवडे लागत आणि मुलगा कोठे आहे हे आईला कळत नसे. दुसरीने पाच महिन्यांत वळसा घातला, आणि तिच्या घरच्यांशी ती कोठूनही बोलू शकत होती. वेळ घटला, चिंता मात्र घटली असे नाही. पूर्वी आई डाकवाल्याची वाट पाहत असे. आता फोन लागला नाही म्हणून रात्रभर जागी असते. जगाच्या नकाशावर जी रेघ एक माणूस ओढतो, तिचे दुसरे टोक कोणीतरी घरी बसून धरून ठेवलेले असते. त्या टोकावरचे श्रम विक्रमांच्या पुस्तकांत लिहिले जात नाहीत.

मग जळोचीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या मुलाच्या मनात ही हौस उपजली तर त्याने काय करावे? आरंभ जवळून करावा. एकदा बारामती ते पंढरपूर पायी जावे. एकदा सायकलीवर सह्याद्री ओलांडून दिवेआगरचा समुद्र पाहावा व परत यावे. तेवढ्यात पायांची, चाकांची आणि मनाची परीक्षा होते. पंक्चर काढणे, साखळी जोडणे, चार माणसांचा स्वयंपाक करणे, अनोळखी दाराशी नम्रपणे पाणी मागणे या चार विद्या याव्यात. हिंदी व इंग्रजी कामापुरती यावी. त्याहून अधिक, न समजलेल्या भाषेपुढे हसतमुख राहता यावे. पारपत्र आणि पैसा यांची तजवीज करावी. कर्ज काढून जाऊ नये. सोबती निवडताना त्याच्या बळापेक्षा स्वभाव पाहावा. आणि निघण्यापूर्वी घरच्यांची संमती घ्यावी. निदान त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे, न सांगता जाऊ नये.

गणपती आणि कार्तिकेय यांच्या कथेत आपण नेहमी एकाला जिंकलेला व दुसऱ्याला हरलेला मानतो. वास्तविक त्या दोन प्रदक्षिणा परस्परविरुद्ध नाहीत. आईबापांभोवती फिरणाऱ्याला घर कळते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्याला घराबाहेरची माणसे कळतात. १८ मार्च १९२८ रोजी जे तिघे मुंबईत परत आले, त्यांनी तर दोन्ही केल्या: ज्या दारातून निघाले होते, त्याच दारात पृथ्वीला वळसा घालून ते पुन्हा उभे राहिले. अशा वेळी घरच्यांनी एवढेच करावे: त्याला पाय धुवायला पाणी द्यावे, जेवू घालावे, आणि मग जवळ बसून विचारावे, ‘सांग बाबा, वाटेत काय काय पाहिलेस?’